चौथ्या विहिरीची वाळू

११ जानेवारी

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मनात म्हटलं, झालं, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली आकडे तपासत बसायचं. पण त्यांनी खुर्ची दाखवली, दार लोटलं आणि म्हणाल्या, "चौथ्या विहिरीची जागा तुम्ही ठरवायची. टीम तुमची."

बावन्नाव्या वर्षी! माझ्यामागून आलेले दोघं माझ्या डोक्यावरून वर गेले आणि दोन्ही वेळा मी पुढच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. म्हणून आज ही वही काढली. काहीतरी सुरू होतंय, ते टिपून ठेवावंसं वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अगं ए, बाहेर ये, तुझे बाबा साहेब झाले!" लेकीने विचारलं, "म्हणजे आता घरी पण ऑर्डरी सोडणार का?" आम्ही तिघं बाहेर जेवलो. माझ्यापेक्षा हीच जास्त खूश होती. परत येताना माझा हात धरून चालत होती, आणि असं तिने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

१९ जानेवारी

भिंतभर पट्ट्या लावल्या. लेकीला आमचं काम कळत नाही. म्हणते, बाबा दिवसभर भिंतीकडे बघतात आणि त्याचा पगार घेतात. तसं ते खरंच आहे. तेल शोधायला जमिनीत भोक पाडलं की तारेला यंत्र बांधून तळापर्यंत सोडतात. ते वर ओढताना प्रत्येक थर मोजतं आणि कागदाच्या लांब पट्टीवर वाकडीतिकडी रेघ उमटते. वाळूचा थर आला की रेघ डावीकडे झुकते, चिखलाचा आला की उजवीकडे. दोन विहिरींच्या पट्ट्या शेजारी लावायच्या आणि इथला कुठला थर तिथल्या कुठल्या थराशी जुळतो ते शोधायचं. मधे कित्येक किलोमीटर जमीन आहे, तिच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. जुळणी बरोबर आली तर ते घरबसल्या दिसतं. चुकली तर पुढचं भोक भलतीकडे पडतं.

पहिल्या दोन विहिरींत एका वाळूच्या थरात तेल आहे, पण थोडंच. तिसरी पूर्वेला दूर आहे, तिच्यात जाड वाळू आहे पण नुसतं पाणी. प्रश्न एवढाच की तिसरीतली वाळू आणि दुसरीतली वाळू एकच आहे का. एकच असेल तर ती मधे कुठेतरी कमानीसारखी वर उचललेली असणार आणि तेल त्या कमानीत साठलेलं असणार.

४ फेब्रुवारी

जुळली! दुसरीच्या आणि तिसरीच्या पट्टीवर त्या वाळूची रेघ अगदी जुळ्या बहिणींसारखी आहे. खाली बारीक, वर रुंद, आणि डोक्यावर दोन टोकं. संपूर्ण भिंतीवर अशी दोन टोकं आणखी कुठेच नाहीत. चौथी विहीर मधे, किंचित उत्तरेला.

ड्रिलिंगवाल्या इंजिनिअरला नकाशा दाखवला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो साइटवरून बोलतो तेव्हा फोनची गरज नसते. नकाशाकडे न बघता त्याने विचारलं, "साहेब, खोदायची रिग कुठे उभी करायची तेवढं सांगा. खाली काय आहे ते तुम्ही आणि देव बघून घ्या."

२१ फेब्रुवारी

हिचं काम आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर असतं. ड्रिलिंगमध्ये खडकाचे कपचे वर येतात, ते तिच्या प्रयोगशाळेत पिशव्यांतून जातात. ती आणि तिच्या हाताखालच्या दोघी ते धुतात, चाळतात, वाळवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाळूच्या कणाएवढे शंख निवडतात. लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्रातले जीव. कुठला जीव कुठल्या काळात होता हे माहीत असलं की थराचं वय कळतं. आम्ही वरच्या मजल्यावरचे लोक गमतीने त्यांना 'चाळणीवाल्या' म्हणतो. हिला ते आवडत नाही, पण हसण्यावारी नेते.

आज जेवणाच्या सुट्टीत ती वर आली. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली.

"तिसरीतली ही वाळू तुम्ही दुसरीच्या तेलवाळूशी जोडलीत?"

"दिसत नाही का? सख्ख्या बहिणी आहेत."

"दिसतात तशा. पण वयाने नाहीत. तिसरीत या वाळूच्या वरती आणि खालती जे जीव सापडतायत ते फार अलीकडचे आहेत. ही वेगळी वाळू आहे, नंतरची. तेलवाळू तिसरीपर्यंत पोचतच नाही असं मला वाटतं."

मी समजावलं की भोक पाडताना वरच्या भिंतीचे कपचे गळून खाली पडतात, त्यांच्याबरोबर अलीकडचे जीवही खाली जातात. हे काय आजचं आहे?

"वरून तरुण पडू शकतात, मान्य," ती म्हणाली. "पण मग त्यांच्यात म्हातारेही दिसायला हवेत. ते कुठे गेले?"

टीममधले दोघं ऐकत होते, त्यांच्यातला एक हसला. मी म्हणालो, "वृद्धाश्रमात गेले असतील." सगळे हसले. तीही हसली असावी. मग जिन्याने खाली गेली.

३ मार्च

मॅडमसमोर उद्या बैठक. सकाळी स्वयंपाकघरातच विषय काढला. ऑफिसात बोललो असतो तर लोकांनी कान टवकारले असते.

ही म्हणाली, "मला महिना दे. तिसरीच्या भिंतीतून थेट काढलेले काही तुकडे गोदामात आहेत, त्यांच्यात वरून पडलेलं काही नसतं. ते तपासते. मग कुणालाच शंका उरणार नाही."

"रिग पुढच्या आठवड्यात मोकळी होतेय. आपण घेतली नाही तर ती दुसरीकडे जाईल. मग वर्षभर नाव काढायला नको. आणि वर्षाने ही टीम माझ्याकडे असेल का?"

तिने गॅस बारीक केला.

"गप्प बस असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "विचारलंच तर एवढंच म्हण, की अजून पक्कं सांगता येत नाही."

"पण मला पक्कं वाटतंय."

"माझ्यासाठी."

तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "बरं."

समजूतदार आहे. इतक्या वर्षांच्या संसारात कधी आडवी आली नाही.

४ मार्च

बैठक झकास झाली. मॅडमनी शेवटी विचारलं, "जीवाश्मांचं काय म्हणणं?" ही दोन खुर्च्या सोडून बसली होती. टेबलावर हात ठेवून म्हणाली, "अजून पक्कं सांगता येत नाही." मॅडम क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ठीक. खणा."

दुपारी सगळ्यांना चहा पाजला. तळमजल्यावरही पाठवला. ही वर आली नाही, काम होतं म्हणे.

१६ एप्रिल

रिग उभी राहिली. सपाट, झाडं नसलेली जमीन, आणि मधेच तो लोखंडी मनोरा. वारा इतका की हेल्मेट दोन्ही हातांनी धरावं लागतं. भोंगा वाऱ्याच्याही वरताण ओरडत होता. मला म्हणाला, "साहेब, तुमच्या नावाने खिळा ठोकतोय!" ऊर भरून आला. फोटो काढून घरी पाठवला. लेकीचा अंगठा आला. हिचं उत्तर आलं नाही. रेंज नसेल.

२९ मे

काम बेताबेताने चाललंय. साइटवरून आठवड्याने घरी आलो. लेक म्हणाली, "बाबा, आई हल्ली बसने येते. तुझ्या गाडीने नाही येत, तू इथे असलास तरी." मी म्हटलं, माझ्या वेळा जुळत नाहीत, तिने किती थांबायचं? लेकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गणितात नापास झालोय आणि मला अजून निकाल कळलेला नाही.

हिला विचारलं, तब्येत बरी आहे ना? म्हणाली, "बरी आहे." चौथ्या विहिरीचं काही सांगायला लागलो तर उठून खिडक्या लावल्या. धूळ येत होती खरी.

८ जुलै

भोंग्याचा सकाळी फोन. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

"साहेब, तुमची वाळू यायला हवी होती तिथून आपण दीडशे मीटर खाली आलोय."

"मग?"

"चिखल. नुसता चिखल. काळा, घट्ट. वाळूचा कण नाही."

मी म्हणालो, अजून खाली जा. तो म्हणाला, जातो. पण दोघांनाही कळलं होतं.

१७ जुलै

तारेवरचं यंत्र सोडलं. पट्टी आली. रेघ वरपासून खालपर्यंत उजवीकडे चिकटलेली. मी ती भिंतीवर बाकीच्यांच्या मधे लावली आणि खुर्चीत बसलो. टीममधल्या कुणी माझ्याकडे बघितलं नाही. चौथी कोरडी.

संध्याकाळी घरी हिने माझ्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला आणि समोर बसली. "मी तुला सांगितलं होतं" हे शब्द आता येतील म्हणून मी वाट बघत होतो. आले नाहीत. "जेव," एवढंच म्हणाली. आले असते तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट

चौकशी बैठक. मॅडम, वरून आलेले दोन साहेब, मी, ही, भोंगा. पट्ट्या टेबलावर पसरलेल्या. वरून आलेल्यांतल्या एकाने थेट हिला विचारलं, "वयाचा फरक तुमच्या प्रयोगशाळेला दिसायला हवा होता. तुमचं कामच ते आहे. दिसला नाही?"

हिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, कुणी दार उघडायची वाट बघतं तसं. मी समोरचे कागद सारखे करत होतो.

"नमुने कमी होते," ती म्हणाली.

"म्हणजे दिसला नाही."

"नाही दिसला."

नीट निभावलं तिने. मी मधे बोललो असतो तर आणखी गोंधळ झाला असता, आमच्या दोघांतच मतभेद होते असं दिसलं असतं. योग्य वेळ बघून मॅडमशी एकट्याने बोलेन.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "चल, गाडीने जाऊ." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." चारचौघांत आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणतो, ऑफिसची सवय. पण तिथे जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

२६ ऑगस्ट

योग्य वेळ आली नाही. त्याआधी निर्णय आला. तळमजल्याची प्रयोगशाळा बंद. जे दिसायला हवं ते दिसत नसेल तर खर्च कशाला, असं वरच्यांचं म्हणणं. हाताखालच्या दोघींना महिन्याची मुदत. त्यांतली एक तिथे अठरा वर्षं होती. हिला गोदामात नमुन्यांच्या खोक्यांवर देखरेख करायला या म्हणाले. तिने नाही म्हटलं.

मला मात्र टीमवरून काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, कोरडी विहीर कुणाच्याही वाट्याला येते, भागीदार कंपन्यांनी आणखी एका विहिरीची परवानगी दिलीय, कामाला लागा.

जेवताना मी म्हणालो, "अन्याय आहे हा. कुणालातरी कळायला हवं होतं."

लेक ताटावरून उठली. "कुणाला, बाबा?"

ही तिला म्हणाली, "पुरे. जेव गुमान." पण लेक जेवली नाही, आणि तिच्या आईनेही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर

हिच्या जीवाश्मांच्या नोंदी मी मागून घेतल्या. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचल्या. मग भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि नव्याने लावल्या. या वेळी रेघेचं रूप बघितलं नाही, वय बघितलं. सारख्या वयाचे थर एका ओळीत आणले.

तिसरीतली ती जाड वाळू वर सरकली. तिचा तेलवाळूशी काही संबंध नाही. कधीच नव्हता. आणि दुसरीतली तेलवाळू पूर्वेला जातच नाही. ती वळते. दक्षिणेला वळते, आणि तिकडे जाड होत गेली असणार. सगळं इतकं सरळ दिसत होतं की लेकीलाही दिसलं असतं.

पळत तळमजल्यावर गेलो. ही काचपट्ट्या कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. मोकळ्या मांडण्या, बंद भट्टी, धुतलेल्या चाळण्या उलट्या घालून ठेवलेल्या. मी धापा टाकत म्हणालो, "अगं, सापडलं! वाळू दक्षिणेला वळलीय!"

"हो," ती म्हणाली. "दुसरीपासून नऊ-दहा किलोमीटर."

"तुला कसं माहीत?"

"मार्चमध्येच जुळवलं होतं मी. ते भिंतीतले तुकडे तपासले ना, तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने हातातली काचपट्टी गुंडाळून पूर्ण केली. "तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. चौकशीच्या खिडकीतला माणूस गाडीची वेळ सांगतो तसं सांगितलं.

१४ सप्टेंबर

मॅडमकडे गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिला फरक दिसला होता, फेब्रुवारीतच दिसला होता. मी तिला गप्प केलं. चौकशीत ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी कागद सारखे करत बसलो.

मॅडमनी चष्मा काढला. "मला वाटलंच होतं. त्या दिवशी बैठकीत त्या ज्या तऱ्हेने म्हणाल्या ना, पक्कं सांगता येत नाही. ती बाई कधी असं बोलत नाही."

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

"तुम्ही दोघं नवरा-बायको. मी म्हटलं, घरात बोलणं झालं असेल." चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, "पाच ऑगस्टला बोलला असतात तर मी वरच्यांशी भांडले असते. आता त्या खोलीत सर्व्हर येतायत. सही झालीय."

मी विचारलं, काहीच होणार नाही का? त्या म्हणाल्या, वरती सगळं खरं काय ते कळवते, त्यांच्या नावावरचा डाग तरी पुसला जाईल.

घरी येऊन हिला सांगितलं. मनात कुठेतरी वाटत होतं की ती रडेल, किंवा भांडेल, आणि मग सगळं सुटेल.

"बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग, "मला एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळालीय. गाव लांब आहे. पुढच्या महिन्यात जाते."

मी विचारलं, किती दिवसांसाठी? ती म्हणाली, "नोकरी आहे रे. सहल नाही."

१० ऑक्टोबर

स्टेशनवर सोडायला गेलो. दोन बॅगा आणि एक खोकं, खोक्यात तिचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक. ते मी उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, त्याला तुझ्या हाताची सवय नाही." विनोद होता. मला हसू आलं नाही आणि ते तिच्या लक्षात आलं.

गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, "माझं चुकलं."

"माहितेय."

"तू तेव्हा नाही म्हणाली असतीस तर…" तोंडातून निघून गेलं.

तिने पहिल्यांदा रागाने बघितलं. "म्हणजे तेही मीच करायचं?" मग लगेच शांत झाली. "पण हो. म्हणायला हवं होतं. त्या दोघी घरी बसल्या ते तुझ्या एकट्यामुळे नाही. ते माझं मला बघू दे."

लेक महिनाअखेर तिच्याकडे जाणार, सुट्टीत. माझ्याकडेही राहणार म्हणते. घरात शिरल्यावर दिवा कुठल्या बटणाचा हे दोनदा चुकलो.

२२ नोव्हेंबर

पाचव्या विहिरीची बैठक. नकाशा मांडताना पहिलंच वाक्य बोललो, की ही जुळणी माझी नाही, हिची आहे. नाव, हुद्दा, सगळं घेऊन सांगितलं. वरून आलेल्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "रिग कधी?" त्यांच्या लेखी तो मुद्दा दोन सेकंदांचा होता.

१९ मार्च

भोंग्याचा दुपारी फोन. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. "साहेब! वाळू! चाळीस मीटर वाळू, आणि तेल नुसतं गळतंय तिच्यातून!"

ऑफिसात आरडाओरडा झाला. कुणीतरी केक आणला. मॅडमनी माझा हात धरून हलवला. मागे हिच्या प्रश्नावर टीममधला जो हसला होता तो म्हणाला, सर, मानलं तुम्हाला. मी म्हणालो, मला नको मानूस. त्याला वाटलं मी विनय दाखवतोय.

गच्चीवर जाऊन हिला फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"लागली," मी म्हणालो.

"किती मीटरवर?"

खोली सांगितली. तिने मनात हिशोब केला असावा. मग म्हणाली, "मी सांगितलं असतं त्याच्या बारा मीटर वर आहे. चालेल." आणि हसली. मनापासून हसली. ते हसू मी ऐकलं नव्हतं त्याला वर्ष होऊन गेलं. मी भान विसरून बोलत सुटलो. भोंगा कसा ओरडला, केक कसा होता, वाळूच्या वर काळ्या चिखलाचा केवढा जाड थर लागला.

"त्या चिखलात काय सापडलं?" तिने विचारलं. आवाज एकदम पूर्वीसारखा झाला होता, तळमजल्यावरून जिना चढून वर येतानाचा. "कुठले जीव आहेत? सांग ना. कपचे कुणी बघितले?"

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "पिशव्या तशाच पडून आहेत. बघता येईल असं आता इथे कुणी नाही."

पलीकडे घंटा झाली. मुलांचा आवाज कमी कमी होत गेला.

"तास आहे माझा," ती म्हणाली. "ठेवते."